हवं होतं

१ जानेवारी १९८६, बुधवार

नवी डायरी. दत्तादादाला कंपनीत मिळाली, त्याने मला दिली. म्हणाला, तुला लागेल, तुझ्याकडे वेळ असतो. टोमणा आहे, पण कागद चांगला आहे.

ह्या वर्षी एकच काम. स्पॅनिश शिकायचं आणि बोटीवर लागायचं. चाळीतला बाळा सांगत होता, मार्चमध्ये एक स्पॅनिश बोट पोरं घेणार आहे. एजंट चकाल्याला बसतो. बाकीचे जातील आणि येस सर, नो सर करतील. मी डायरेक्ट स्पॅनिशमध्ये सुरू होणार. कॅप्टन खुर्चीवरून उठणार.

टायपिंगचा क्लास सोडला ती गोष्ट वेगळी. टीव्ही रिपेअरिंगही वेगळं. तेव्हा मनापासून नव्हतं. ह्या वेळी आहे. आतून तसं काही जाणवत नाही, पण आहे.

५ जानेवारी, रविवार

आमच्या गावचा अनंत अंधेरीला डोंगरावर पाद्री लोकांच्या घरात स्वैपाकी आहे. त्याने एका म्हाताऱ्या फादरशी गाठ घालून दिली. फादर बेनितो. वय चौऱ्याहत्तर, अस्सल स्पॅनिश. मी घाटकोपरपासून बसमध्ये इंग्लिश वाक्यं जुळवत गेलो. तर ते म्हणाले, बस रं, कुणाचा तू?

एक्केचाळीस वर्षं इकडे आहेत. त्यातली बहुतेक डहाणूच्या आत, सावरपाडा म्हणून वारली लोकांचा पाडा आहे तिथे. चक्कर यायला लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी अंधेरीला आणून बसवलं. मराठी माझ्यापेक्षा बरं आहे, फक्त गावठी.

फीचं विचारलं. म्हणाले, फी नको. कधीतरी एक गोष्ट मागेन, ती दे. म्हटलं फादर, माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. म्हणाले, त्याला काही असावं लागत नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. फुकट. झकास.

७ जानेवारी, मंगळवार

पहिला धडा. किएरो, म्हणजे मला पाहिजे. किएरो उन काफे. मला एक कॉफी पाहिजे. दहा वेळा म्हणून घेतलं. त्यांना माझं नाव जमत नाही. लवूचं लबू करतात. म्हणाले, स्पॅनिश माणसाच्या तोंडात व बसत नाही.

होमवर्क: रोज झोपायच्या आत तीन पाहिजे लिहायची. आपल्याला खरोखर जे पाहिजे ते. पाठ केलेलं नको.

सोपं आहे. आजचं:
चहा.
कंगवा (जुन्याचे दात गेले).

तिसरं आठवेना. दहा मिनिटं बसलो. मग परत चहा लिहिलं.

१० जानेवारी, शुक्रवार

फादरनी वही बघितली. म्हणाले, तीन दिवस झाले, तिसरं नेहमी चहाच कसं? म्हटलं मला चहा आवडतो. ते म्हणाले, तुझं चोविसावं चालू आहे, ह्या वयात वही पुरत नाही माणसाला. मी म्हटलं, मी साधा माणूस आहे. म्हणताना बरं वाटलं.

बोट लिहायची राहिली होती. बसमध्ये आठवलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आज फार महत्त्वाचं शिकलो. किएरो उद्धट आहे. दुकानात, हॉटेलात, ओळख नसलेल्या माणसाकडे केरिया म्हणायचं. केरिया म्हणजे पाहिजे होतं. भूतकाळ. कॉफी आत्ता हवी, पण म्हणायचं, कॉफी हवी होती.

मी म्हटलं, हे कसलं? फादर हसले. म्हणाले, लबू, तू शेजारी साखर मागायला गेलास की काय म्हणतोस? म्हटलं, जरा साखर हवी होती. मग, म्हणाले, हवी होती ना? काल हवी होती का? आत्ताच हवी असते. तुमचं आणि आमचं सारखंच आहे. सरळ मागायची लाज वाटते म्हणून मागणं मागच्या काळात ढकलायचं. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.

मग एक नियम सांगितला, तो लिहून घेतला. हवं होतं म्हणणाऱ्याला अजून हवंच असतं. ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.

मी विचारलं, आणि खरंच काल हवं असेल, आज नको असेल तर? म्हणाले, तरी वाक्य तेच. वाक्यावरून कळत नाही.

घरी आलो तर वहिनी म्हणाली, भावजी, जरा रॉकेल आणूचा होता. मी उडालो. आणूचा होता. घरात केरिया. ताबडतोब वहीत उतरवलं. वहिनी कणकवलीची, चौथी शिकलेली, तिला पत्ताच नाही आपण काय बोलतो. मी तिला समजावून सांगायला लागलो. ती माझं ऐकत ऐकतच डबा घेऊन रांगेत गेली.

२४ जानेवारी, शुक्रवार

मित्रांमध्ये किएरो चालतं. केरिया म्हटलं तर मित्र रागावतो, परका केलास म्हणतो. मी म्हटलं, फादर, तुम्ही तर किएरो कधी म्हणतच नाही. मराठीतही पाहिजे म्हणत नाही, सारखं होतं, होतं. म्हणाले, एक्केचाळीस वर्षं पाहुणा आहे मी. पाहुण्याने किएरो म्हणू नये.

वेगळ्या वहीत उदाहरणं गोळा करायचा सपाटा लावलाय. एका आठवड्यात चौदा. त्यातली अकरा घरातली.

वहिनी: पाण्याचं पिंप धरून उचलायचं होतं. जुनं कपाट सरकवायचं होतं.
दादा: तुझ्याशी नोकरीचं बोलायचं होतं.
बाबा: चष्म्याचं बघायचं होतं.

बाबांचं विशेष. गिरणी बंद झाल्यापासून बाबा गॅलरीत बसून असतात, दिवसाला चार वाक्यं बोलतात. त्यात एक केरिया निघालं. हल्ली ते पेपर हात अगदी लांब करून वाचतात. स्टाईल झालीय त्यांची.

आता रात्री तीनच्या ऐवजी पाच पाहिजे लिहिणार. सकाळी पाचला उठणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन क्लास बुडाले. कारण होतं. पहिल्या वेळी साकीनाक्याला बस थांबली तिथे एक माणूस स्टोव्ह विकत होता, हवा न भरता पेटणारा. दोन तास बघत उभा राहिलो. पेटला नाही. दुसऱ्या वेळचं कारण आठवत नाही.

अनंत म्हणाला, फादर चारपासून दारात खुर्ची टाकून बसतात रे, चहा गार होतो. मी म्हटलं, अरे म्हातारपणी माणसाला बाहेर बसायला आवडतं.

आज नवीन: मे आपेतेसे. खावंसं वाटतं, प्यावंसं वाटतं. फादर म्हणाले, हेही तुमच्यासारखं. माणूस नुसता खात नाही, त्याला खावंसं वाटतं. वाटणं पाहुण्यासारखं येतं, आपण दार उघडायचं. तुला आत्ता काय करावंसं वाटतंय? मी बराच विचार केला. कौलावर कावळा बसला होता तो उडाला. म्हटलं, काही नाही फादर. ते म्हणाले, हे व्याकरणात बरोबर आहे.

मला वाटतं कौतुक होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फादरनी विचारलं, तुझ्या घरच्या भाषेत हवं होतं कसं म्हणतात? सांगितलं, माका होया होता. त्यांनी होया, होया असं दोन-तीन वेळा म्हणून बघितलं आणि स्वतःच्या छोट्या वहीत लिहून ठेवलं. ह्या वयात शिकून काय करणार?

त्यांच्या खोलीत एक फोटो आहे. एक विहीर, काठावर फादर, काळी दाढी, शेजारी लंगोटी लावलेला एक माणूस, दोघांच्या अंगाला चिखल. तो दादू. दोघांनी मिळून खणली सावरपाड्याला, आधी तीन वेळा कोरडी लागली. म्हणाले, चौथ्या वेळी पाणी लागलं तेव्हा दादू मला म्हणाला, आता तू जाऊ नको. मी म्हटलं मस्त. मग विचारलं, किसिएरा, म्हणजे केरियाहूनही मान देऊन हवं होतं, ह्याचा उच्चार कसा करायचा.

फी म्हणून जे मागणार होते ते अजून मागितलेलं नाही. भला माणूस.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं की फादर ईस्टर झाल्यावर स्पेनला जाणार आहेत. कायमचे. इकडचे मोठे फादर म्हणतात, चक्कर वाढली, तिकडे दवाखाना चांगला आहे. तिकीट दोन एप्रिलचं. म्हणजे माझा क्लास मार्चअखेर संपतो. माझा इंटरव्ह्यू वीस मार्चला. परफेक्ट बसतंय.

मी विचारलं, फादर, घरी जायला मिळतंय, मजा आहे. ते म्हणाले, भाऊ गेला, बहीण गेली, गावात आता मला कोण ओळखतं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, जायच्या आधी एकदा सावरपाड्याला जायचं होतं. विहिरीला पाणी आहे का बघायचं होतं. दादूला भेटायचं होतं. एकट्याला सोडत नाहीत हे लोक. सोबत हवी होती.

एका दमात चार. चारही शुद्ध. मी भराभर लिहून घेतली आणि पुढे बरोबरची खूण केली. फादर माझ्या हाताकडे बघत होते. म्हणाले, लिहून झालं? म्हटलं, हो. म्हणाले, बरं.

आजपर्यंतची सगळ्यांत चांगली उदाहरणं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तकातला नववा धडा. स्टेशनवरचं संभाषण. दोन माणसं गावाला चाललीयत. गाडी किती वाजता, कुठे भेटायचं, डबा कोण आणणार. मी पेद्रो झालो, फादर प्रवासी. कोणी विनंती केली तर मान देऊन कसं हो म्हणायचं तेही शिकलो. कॉन मुचो गुस्तो. मोठ्या आनंदाने. घरी येईपर्यंत म्हणत होतो. कंडक्टरने पुढे सरका म्हटलं तर त्यालाही म्हटलं.

घरी वहिनीने काहीतरी आणूचा होता म्हटलं. काय ते विसरलो.

४ मार्च, मंगळवार

आज फादरनी पुस्तक उघडलंच नाही. थेट स्पॅनिशमध्ये बोलले. एल दोमिंगो, रविवारी. आ लास सेइस, सहा वाजता. अंधेरी स्टेशन, घड्याळाखाली. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून. मला शब्द न् शब्द कळला. शेवटी विचारलं, येशील का?

मी एक सेकंद न दवडता म्हटलं, कॉन मुचो गुस्तो.

फादर उठून उभे राहिले. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. डोळ्यांत पाणी. दोन महिन्यांत विद्यार्थी इथवर आला ह्याचा आनंद मास्तरलाच कळतो. अनंतला हाक मारून सांगितलं, हा हो म्हणाला. अनंतने मला एक ऑम्लेट जास्त वाढलं.

इंटरव्ह्यूची आता काळजी नाही.

९ मार्च, रविवार

आज मढला गेलो होतो. बाळाला शूटिंगवाल्यांनी गर्दीत उभं राहायला पोरं आण म्हणून सांगितलं होतं. पहाटे पाचला निघालो, म्हणजे पाचला उठायचा संकल्पही पुरा झाला. एका बंगल्यात लग्नाचा सीन. आम्ही वऱ्हाडी. फेटा दिला, तो ओला होता. दिवसभर एकाच दिशेला बघून हसायचं. नंतर एकजण येऊन म्हणाला, तू, हिरवा फेटा, तू हसू नको, नुसता उभा राहा, तसाच चांगला दिसतोस.

जेवण बरं होतं. समुद्र होता. काही विशेष वाटलं नाही.

आजचे पाहिजे: चहा. कोरडा फेटा. चहा.

११ मार्च, मंगळवार

फादरना सर्दी. शाल घेऊन बसले होते. विचारलं, रविवारी काय केलंस? मी मढचं सगळं सांगितलं, अगदी हिरव्या फेट्यासकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, समुद्र बघितलास, चांगलं झालं.

मी म्हटलं, आज काय शिकवणार? म्हणाले, नो पासा नादा. म्हणजे काही झालं नाही, काही हरकत नाही. कोणाकडून काही राहून गेलं तर आपण म्हणायचं. मी विचारलं, हे मित्रांत चालतं की परक्यांत? म्हणाले, दोन्हीकडे.

छोटा धडा झाला. पंधरा मिनिटांत सोडलं. अनंत आज बोलला नाही माझ्याशी. स्वैपाकी लोकांचे मूड असतात.

१४ मार्च, शुक्रवार

गेलो नाही. इंटरव्ह्यूच्या आधी डोकं शांत ठेवायचं ठरवलंय. एवढं आल्यावर आता नवीन काही घुसवायचं नाही. पडून राहिलो. पंखा मोजला. मिनिटाला किती फेरे ते कळत नाही, नजर चुकते.

वहिनी म्हणाली, भावजी, पडलांच असात तर जरा बाबांका डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊचा होता. विसावं उदाहरण असेल. उठून उदाहरणांची वही घ्यायचा कंटाळा आला.

२० मार्च, गुरुवार

इंटरव्ह्यू झाला.

बोट ग्रीक निघाली.

चकाल्याच्या ऑफिसात टेबलामागे एक गोरा आणि एक आपला क्लार्क. मी आत जाताच म्हटलं, ब्वेनास तार्देस, सेन्योर. गोऱ्याने क्लार्ककडे बघितलं. क्लार्क म्हणाला, काय म्हणतोयस? मी म्हटलं स्पॅनिश. क्लार्क म्हणाला, हे ग्रीक आहेत. स्पॅनिश कोणी सांगितलं? मी म्हटलं बाळाने.

मग गोऱ्याने इंग्लिशमध्ये विचारलं, तुला ही नोकरी पाहिजे का? आता इथे मी नुसतं येस म्हणायला हवं होतं. पण दोन महिने केरिया डोक्यात बसलेलं. मान देऊन, सावकाश म्हटलं, सर, आय वॉज वाँटिंग.

गोरा म्हणाला, वॉज? अँड नाऊ?

मी विचार करायला लागलो. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच विचार केला. आत काही आहे का बघितलं. भिंतीवर एका बोटीचं कॅलेंडर होतं, मार्च महिना, त्यात पाणी निळं होतं. किती वेळ गेला माहीत नाही. क्लार्क म्हणाला, नेक्स्ट.

नेक्स्ट बाळा होता. आत गेला आणि म्हणाला, सर, गिव्ह जॉब. मिळाला.

व्याकरण माझंच बरोबर होतं.

२३ मार्च, रविवार

बाळाने चाळीत पेढे वाटले. आईचा हात धरून रडत होता, मला जायचंय आणि जायचं नाहीये, म्हणाला. एकाच वेळी दोन. मी पेढा खाल्ला. वहिनी म्हणाली, भावजी, वाईट वाटून घेव नका. म्हटलं, वाटत नाहीये. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ताच तर.

फादरकडे मंगळवारी जाणार. निकाल सांगायचा आहे.

२५ मार्च, मंगळवार

होळी. रंगाच्या पोरांत बस अडकेल म्हणून गेलो नाही.

२८ मार्च, शुक्रवार

गुड फ्रायडे. त्यांना काम असणार.

१ एप्रिल, मंगळवार

आज नक्की जाणार होतो. खाली कॅरमची मॅच होती. तिकीट दोन तारखेचं म्हणजे दोनला रात्री असणार, उद्या सकाळी जाऊन भेटता येईल.

२ एप्रिल, बुधवार

तिकीट दोनला सकाळचं होतं.

मी अकराला पोचलो. खोली झाडून ठेवली होती. विहिरीचा फोटो नव्हता, खिळा होता. अनंत भाजी चिरत होता, त्याने वर बघितलं नाही. मी म्हटलं, अरे, भेट राहून गेली. तो म्हणाला, तुझी एक राहून गेली? दोन गेल्या.

मग त्याने सांगितलं. नऊ मार्चला पहाटे साडेचारला उठून त्याने दोन डबे केले होते. फादरना आवडतं तसं बटाटा घालून अंड्याचं जाड पोळं. मोठ्या फादरांकडून परवानगी मिळाली होती, सोबत आहे, लबू येतोय म्हणून. सावरपाड्याला निरोपही गेला होता. दादू पाड्यावरून चालत डहाणू स्टेशनला येऊन बसणार होता. फादर सहाला घड्याळाखाली. अनंत सोडून परत आला. साडेअकराला बघतो तर फादर रिक्षाने घरी, दोन्ही डबे तसेच. अनंत म्हणाला, मी शिव्या दिल्या तुला. तर फादर मला म्हणाले, चूक माझी, मी त्याच्याकडे धड्यासारखं मागितलं.

मी म्हटलं, मला वाटलं नववा धडा आहे.

अनंत म्हणाला, तू फुकट शिकलास ना रे? त्यांनी काय मागितलं तुझ्याकडे एवढ्या दिवसांत? एक रविवार.

माझी होमवर्कची वही टेबलावर ठेवली होती. शेवटचे दोन महिने मी त्यांच्याकडेच विसरलो होतो, आणि घरी सुट्या कागदांवर लिहीत होतो. प्रत्येक पानावर लाल पेनने बरोबरची खूण, चहाला सुद्धा. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात, मराठीत, आजीबाईसारखं गोल:

विहीर बघायची होती.
दादूला भेटायचं होतं.
चहा.

बसमध्ये परत तेच पान उघडलं. तिसरं बघून हसू येईल असं वाटलं. आलं नाही. रडूही आलं नाही. साकीनाक्याला स्टोव्हवाला होता. उतरलो नाही.

६ एप्रिल, रविवार

ठरलं. सावरपाड्याला मी जाणार. सहाची गाडी. दादूला भेटणार, विहिरीत वाकून बघणार, पाणी किती ते दोरी सोडून मोजणार आणि फादरना पत्राने कळवणार. पूर्ण पत्र स्पॅनिशमध्ये. पत्ता अनंतकडे आहे.

पुढचा रविवार. गजर लावणार. हे मनापासून आहे. म्हणजे आत काहीतरी आहे, दगडासारखं, पोटाच्या वर. भूक नव्हे.

१३ एप्रिल, रविवार

गजर झाला म्हणे. सगळी चाळ उठली, मी सोडून. साडेआठला जाग आली.

दगड आहे.

२० एप्रिल, रविवार

रात्रभर कपडे घालूनच झोपलो. पाचला उठलो. वहिनीने डबा दिला. विचारलं नाही कुठे.

पहिली बस उशिरा आली. अंधेरीला पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गाडी गेली. पुढची दुपारी. खिडकीवरचा माणूस म्हणाला, दुपारी गेलास तर आत पाड्यापर्यंतची एसटी मिळायची नाही. हे कारण आहे, बहाणा नव्हे. लिहून ठेवतो.

परत फिरलो नाही. घड्याळाखाली बाकडं आहे. म्हटलं, साडेअकरापर्यंत बसून बघू. खूप वेळ असतो. सातपर्यंत माणूस येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. आठनंतर पायांकडे. नऊला शेजारी एक बाई बसली, तिने वेळ विचारली, घड्याळ तिच्या डोक्यावरच होतं. दहानंतर कुठेच बघत नाही. डबा मांडीवर गरम होता तो कधी गार झाला कळत नाही.

चौऱ्याहत्तरचं माणूस, चक्कर येणारं. दोन डबे.

साडेअकराला उठलो. नो पासा नादा, असं तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. ते आपल्याला म्हणायचं नसतं. ज्याचं राहून गेलं त्याने म्हणायचं असतं. त्यांनी म्हटलं होतं. मी तेव्हा मित्रांत चालतं का विचारत होतो.

२४ एप्रिल, गुरुवार

पत्र लिहायला बसलो. केरिया इर कॉन उस्तेद. तुमच्याबरोबर यायचं होतं. एवढंच जमलं.

वाचून बघितलं. ह्यावरून काही कळत नाही. आधी कधीतरी यायचं होतं, की आत्ता यायचंय, की मान देऊन नुसतं म्हणतोय. मी विचारलं होतं त्यांना हे, संक्रांतीला. वाक्य तेच, म्हणाले होते.

पत्र पेटीत टाकलं नाही. विहिरीचं कळल्याशिवाय काय टाकणार?

बाबांनी पेपर वाचायचं सोडलंय. पेपर मांडीवर घेऊन बसतात. स्टाईल नव्हती ती. मंगळवारी डॉक्टरकडे नेणार आहे.

२७ एप्रिल, रविवार

सावरपाड्याला जायचं आजही जमलं नाही. त्याचं नंतर लिहितो.

सकाळी वहिनी भाकऱ्या थापत होती. स्टोव्ह फुरफुरत होता. मी भिंतीला टेकून बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, भावजी, जरा रॉकेल आणूचा होता.

वही शेजारीच होती. उघडली नाही. आता लक्षात येतं, हे ती जानेवारीपासून म्हणतेय.

उठलो. डबा घेतला, कार्ड घेतलं. वहिनीचा हात भाकरीवर तसाच राहिला. बाबांनी गॅलरीतून मान वळवली. चाळीतली दोन पोरं जिन्यात बाजूला झाली.

रेशनच्या दुकानाबाहेर रांग नव्हती. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दुकानदार टेबल पुसत होता, विचारलं, काय पाहिजे?

म्हटलं, रॉकेल हवं होतं.

तो म्हणाला, होतं. संपलं.